सुरवसे गुरुजींनी ठेवलेली नावं

सुरवसे गुरुजींनी पहिल्याच दिवशी माझी 'पाव्हणी' करून टाकली. माकणीच्या धरणाचं पाणी जिथं शेतांत पसरत पसरत संपतं, त्या बाजूच्या एका गावात शिक्षिका म्हणून माझी पहिली नेमणूक झाली होती. लातूरहून गाड्या बदलत, हातात मोठी बॅग घेऊन मी शाळेच्या फाटकात उभी राहिले. गुरुजी वर्गाबाहेर खुर्ची टाकून पोरांची नखं तपासत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बॅगेकडं पाहिलं आणि आतल्या पोरांना म्हणाले, "उठा रे, पाव्हणी आली. किती दिवस राहती बघू." पोरं खो खो हसली. मलाही हसू आलं. पुढं कैक वर्षं त्या गावात मला कुणी आडनावानं ओळखलं नाही. किराणा दुकानात माझं सामानसुद्धा 'पाव्हणी मॅडमचं' म्हणून बाजूला काढलेलं असायचं.

गुरुजी ठेंगणे, काळेसावळे. पांढरा शर्ट रोज इस्त्रीचा आणि खिशात दोन पेनांच्या शेजारी नेलकटर. माणूस एकदा नजरेखालून गेला की त्याचं नाव त्यांना सुचलेलंच असे. ज्याचं नाक बारा महिने गळायचं तो 'ठिबक'. सहावीतच दाराच्या चौकटीला टेकणारा 'टॉवर'. कुठलंही काम काढलं की "सध्या आचारसंहिता चालू आहे" म्हणणारे सरपंच 'आचारसंहिता'. सरपंचांना या नावाचा राग नव्हता. लग्नाच्या मांडवात ते स्वतःच ते पाहुण्यांना सांगून हशा मिळवायचे. स्वतःला गुरुजी 'जुनी पेन्शन' म्हणवून घ्यायचे. ते म्हणायचे, "आईबापानं ठेवलेलं नाव सरकारसाठी असतंय. म्या ठेवलेलं गावासाठी."

शिक्षक म्हणून मात्र त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. अपूर्णांक शिकवायला ते घरून भाकरी आणायचे, वर्गात तिचे तुकडे करायचे आणि गणित सुटलं की तो तुकडा खायला द्यायचे. पोरगं शाळेत आलं नाही की सायकल काढून त्याच्या दारात. मेंढपाळांची पोरं शाळेत टिकत नाहीत, कारण दिवाळी झाली की सगळं कुटुंब कळपामागं निघतं. गुरुजी दरवर्षी त्या घरांपुढं जाऊन बसायचे. दत्ता आणि सुमन या जोडप्याला त्यांनीच पटवलं होतं. दत्तानं मेंढरं घेऊन जावं, सुमननं पोरीसाठी गावात राहावं. ती पोरगी म्हणजे पल्लवी. आखूड केसांची, हट्टी, चुणचुणीत. कोकराच्या ओरडण्यावरून ते भुकेलंय की चुकलंय हे ती सांगायची आणि तसं ओरडूनही दाखवायची. गुरुजी तिला पाहुण्यांसमोर उभी करायचे. तिला मात्र तोवर त्यांनी नाव ठेवलेलं नव्हतं. म्हणायचे, "हिचं अजून सुचंना. हिला दमानं ठेवू."

शाळेत पोटदुखीचं सोंग रोजचंच. गृहपाठ राहिला की पोट दुखतं, परीक्षा आली की पोट दुखतं. गुरुजींकडं त्याची उत्तरं ठरलेली होती. "पोट दुखतंय? लई बरं. म्हणजे पोट जागेवर हाय." किंवा, "पाढे म्हण, पोट आपोआप गप बसतंय." सोंग करणारा पोरगा स्वतःच हसायला लागायचा आणि गोष्ट तिथंच संपायची.

त्या पावसाळ्यात गावात तापानं ठाण मांडलं होतं. पिण्याच्या पाण्याची पाइप गटारातून गेलेली होती आणि ती कुठंतरी फुटली होती, हे सगळ्यांना नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं, की घराघरात कुणी ना कुणी अंथरुणावर आहे. गावातला डॉक्टर सगळ्यांना सारख्याच गोळ्या देत होता. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. पल्लवीही बरेच दिवस घरी होती. थोडं बरं वाटल्यावर सुमननं तिला शाळेत पाठवलं, कारण तिला स्वतःला खुरपायला जायचं होतं.

पल्लवी तेव्हा चौथीत होती. तिसरी-चौथी गुरुजींकडं आणि मधल्या पत्र्याच्या पार्टिशनपलीकडं माझी पहिली-दुसरी. त्यामुळं पलीकडचं सगळं ऐकू यायचं. ती उभी राहून म्हणाली, "गुरुजी, पोट दुखायलंय."

गुरुजींनी विचारलं, "काय खाल्लंस?"

"काय न्हाय खाल्लं."

"मग दुखतंय काय? रिकामी जागा?"

वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उठली, तेव्हा तिनं तोंड उघडायच्या आधीच गुरुजी म्हणाले, "आली का पोटदुखी!" आणि लगेच स्वतःवरच खूश होऊन म्हणाले, "बघा, सापडलं. हिचं नाव सापडलं." संध्याकाळपर्यंत ते नाव विहिरीपर्यंत पोचलं होतं. तिसऱ्या दिवशी पल्लवी उठली नाही. खिचडीच्या वेळी मी तिला पाहिलं. गुडघे पोटाशी घेऊन ती भिंतीला टेकून बसली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय."

त्यानंतरच्या सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती वाकून उभी होती. गुरुजी म्हणाले, "पोटदुखी, सरळ उभी राहा." तिनं सरळ व्हायचा प्रयत्न केला आणि ती खाली कोसळली. गुरुजी धावले. तिला उचलताना त्यांचा हात तिच्या पोटावर पडला आणि तसाच थांबला. मीही हात लावून पाहिला. पोट फरशीसारखं कडक झालं होतं. अंग तापलेलं आणि तळहात मात्र गार.

सरपंचांची जीप मिळाली. सुमनला रानातून तशीच चिखलाच्या पायांनी बसवलं. पल्लवीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. खड्ड्यात जीप आदळली की ती दात आवळायची, पण तोंडातून आवाज काढत नव्हती. पुढच्या सीटवरून मागं वळून गुरुजी सारखे म्हणत होते, "रड की गं. रडलं तरी चालतंय." ती रडली नाही.

तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याला, डॉक्टरनं पोट जरासं दाबून सोडलं आणि लगेच सोलापूरला न्यायला सांगितलं. तिथं तिला थेट ऑपरेशनला आत घेतलं. बऱ्याच वेळानं सर्जन बाहेर आले. त्यांनी सांगितलं ते असं. टायफॉइडचे जंतू लहान आतड्याच्या भिंतीला जखमा करतात. उपचार नीट झाले नाहीत, तर काही पोरांत ती जखम आरपार जाते. हिचं आतडं फुटलं होतं. आतली घाण आणि पू सगळ्या पोटात पसरला होता. तो धुऊन काढलाय. आतडं लगेच जोडणं धोक्याचं होतं, म्हणून त्याचं तोंड पोटावर बाहेर काढून पिशवी लावलीय. काही महिने शी तिथूनच होईल. नंतर पुन्हा जोडता येईल.

मग त्यांनी विचारलं, "आधीपासून दुखत असणार. पोरगी कुणाला काही बोलली नाही का?"

सुमन खाली बघून म्हणाली, की घरी बोलली होती, मी ओवा दिला. गुरुजी म्हणाले, "मला बोलली होती." पण तोवर सर्जन दुसऱ्या पोराच्या बापाशी बोलायला वळले होते.

गुरुजींनी रजा टाकली आणि वॉर्डाबाहेरच्या बाकावर मुक्काम ठोकला. दत्ता लांबच्या माळावरून कळप दुसऱ्याच्या हवाली करून येईपर्यंत तेच औषधं आणत होते, पिशवी कशी बदलायची ते नर्सकडून सुमनच्या जोडीनं शिकत होते. पल्लवी शुद्धीवर आल्यावर ते खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "पल्लवी." हाक कुणाला मारली हे बघायला तिनं शेजारच्या खाटेकडं मान वळवली. मी तिथंच उभी होते. गुरुजी वॉर्डातून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दिवाळीनंतर पल्लवी शाळेत आली. आईच्या जुन्या साडीचा शिवलेला ढगळ झगा, त्याच्याखाली पिशवी. पिशवी कधीतरी गळायची. वास यायचा. तिच्या शेजारची पोरगी आधी थोडी सरकली, मग दुसऱ्या रांगेतच जाऊन बसली. "पोटदुखी आली, खिडकी उघडा," असं एक पोरगा दाराशीच ओरडायचा आणि सगळा वर्ग नाकं दाबायचा. पल्लवी खाली मान घालून एकटीच्या पट्टीवर बसायची. गुरुजींनी उभ्या नोकरीत पोरांवर हात टाकला नव्हता. एक दिवस त्यांनी त्या पोराला छडीनं मारलं. पोरगा रडत रडत म्हणाला, "तुम्हीच ठेवलंय की गुरुजी नाव." गुरुजींनी छडी टेबलावर ठेवली आणि वर्ग सोडून दिला.

मग ते घरोघर जाऊ लागले. रोज शाळा सुटल्यावर एक गल्ली. दारात उभं राहून सांगायचे, की त्या पोरीला पल्लवी म्हणा, घरातल्या पोरांनाही तसं सांगा. लोक त्यांना चहाला बसवायचे आणि हसायचे. त्यांना वाटायचं, यातही गुरुजींची काहीतरी गंमत आहे. सरपंच म्हणाले, "तुमची नावं पक्की असतात गुरुजी. माझं गेलं का?" एका म्हातारीनं तर विचारलं, की पल्लवी कोण?

सगळ्यात वाईट झालं ते दत्ताच्या बाबतीत. एका संध्याकाळी मी आणि गुरुजी त्याच्या खोपटाकडं निघालो होतो. लेकीच्या दुखण्यापासून दत्ता कळप घेऊन लांब जात नव्हता, गावच्याच माळावर वळवत होता. त्यानं लांबून लेकीला हाक मारली, "ए पोटदुखेऽ, पाणी आण गं." आवाजात सगळं लाडकौतुक होतं. पोरगी कळशी घेऊन पळत गेली. गुरुजींनी दत्तापुढं हात जोडले. म्हणाले, तू तरी म्हणू नको. दत्ता ओशाळून हसला. "म्या आवडीनं म्हणतो गुरुजी. नाव पडलं आता. त्येला काय करायचं?"

उन्हाळ्यात पल्लवीचं दुसरं ऑपरेशन झालं आणि आतडं जोडलं गेलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावून सांगितलं, की इतका पू झालेल्या पोटात आतडी आतल्या आत चिकटतात. कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी त्यांना पीळ बसू शकतो. पोट दुखून उलट्या झाल्या, पोट फुगलं, तर घरगुती काही करत बसू नका, त्याच क्षणी निघा. गुरुजींनी हे सुमनकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग पल्लवीला समोर बसवून म्हणाले, "पोट दुखलं की आधी मला सांगायचं. वर्गात सांग, रस्त्यात सांग, झोपेतून उठवून सांग. सांगशील न्हवं?" तिनं मान हलवली. गुरुजींनी काहीही विचारलं तरी ती तशीच मान हलवायची.

पुढचं वर्ष बरं गेलं. पिशवी गेली, वास गेला, झगा नवा आला. पल्लवी पुन्हा पळायला लागली. गॅदरिंगमध्ये तिनं कोकराचे आवाज काढले आणि शाळा डोक्यावर घेतली. टाळ्या वाजवताना पोरं तेच नाव घेऊन ओरडत होती. ती हसत होती. मला वाटलं, तिला आता त्याचं काही वाटत नाही.

संक्रांतीनंतर सलग दोन दिवस तिनं खिचडी घेतली नाही. म्हणाली, उपास आहे. त्या वयाच्या पोरी मैत्रिणींचं बघून उपास करतात, त्यामुळं खिचडी वाढणाऱ्या बाईनं काही विचारलं नाही. गुरुजी त्या दिवसांत तालुक्याला प्रशिक्षणाला गेले होते. घरीही ती जेवून आले म्हणून सांगायची. खोपटामागं हिरवी ओकारी पडलेली सुमनला दिसली, तेव्हा तिनं लेकीचा झगा वर करून पाहिला. पोट घागरीसारखं फुगलं होतं.

सोलापूरला नेलं. ऑपरेशनही झालं. आतडं पिळून काळं पडलं होतं आणि विष सगळ्या अंगात गेलं होतं. पल्लवी त्यातून उठली नाही.

गुरुजींबरोबर मी दत्ता-सुमनच्या खोपटावर गेले. दत्ता कळपाकडं तोंड करून बसला होता. सुमननं आम्हाला बसायला पोतं टाकलं आणि सपाट आवाजात सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "जीपमदी म्या इचारलं, कवापास्नं दुखायलंय गं? तर म्हनली, परवापास्नं. मग म्हनली, आई, शाळंत सांगू नको."

तिचा आवाज चढला नव्हता. लेक काय बोलली तेवढंच ती सांगत होती. गुरुजी उठले, चप्पल न घालताच निघाले आणि रस्त्यापर्यंत गेल्यावर मी ती त्यांना नेऊन दिली.

त्यानंतर गुरुजींनी कुणालाही नाव ठेवलं नाही. मला ते 'बाई' म्हणू लागले. ठिबकला शंकर म्हणू लागले, तर त्याला तीच थट्टा वाटायची. लोक म्हणायचे, गुरुजी थकले, रिटायरमेंट जवळ आली. ते पारावर बसून सांगायचे, की पोरगी माझ्यामुळं गेली. ऐकणारे त्यांच्या पाठीवर हात ठेवायचे. तुम्ही तर किती केलं तिच्यासाठी, दवाखान्यात राहिलात, सख्खा चुलता करणार नाही एवढं केलंत. पाण्यानं गेली. नशिबानं गेली. डॉक्टरनं उशीर केला. प्रत्येकाकडं दुसरं कारण तयार होतं. गुरुजी ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तेच सांगायचे. एकदा मला म्हणाले, "गुन्हा कबूल केला तरी कुणी लिहून घेईना, बाई."

त्यांच्या निरोप समारंभाला सगळं गाव लोटलं. शाळेपुढं मांडव, खुर्च्या, हार, फेटे. सरपंच भाषणात प्रत्येकाचं टोपणनाव घेत गेले आणि मांडव हसून हसून लोळला. मग गुरुजी बोलायला उठले. लोक आधीच हसऱ्या तोंडानं सावरून बसले. गुरुजी म्हणाले, "या शाळेत म्या एक पोरगी मारली."

मांडव हसला. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळीही वाजवली.

गुरुजी हशा थांबायची वाट बघत उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं. तिचं पोट दुखत होतं, ती सांगत होती, आणि मी तिचं नाव ठेवलं. आतडं फुटलं त्यातून ती वाचली. दुसऱ्यांदा दुखलं तेव्हा ती बोललीच नाही, कारण बोललं की काय होतं हे मी तिला शिकवलं होतं. एवढं बोलून ते थांबले. मांडवात खुर्च्यांचे आवाज येत होते. सरपंचांनी घाईनं उठून माइक हातात घेतला आणि म्हणाले, की गुरुजींचं मन फार मऊ, त्यांनी असं मनाला लावून घेऊ नये, सगळं गाव त्यांच्या पाठीशी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या.

त्या टाळ्या थांबता थांबता बायकांच्या बाजूला मागं सुमन उभी राहिली. ती येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. शेजारच्या बाईनं तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"व्हय गुरुजी," ती म्हणाली. "तुमीच मारली."

दोनचार माणसं तिला बसवायला उठली. गुरुजी माइकशिवाय म्हणाले, "बोलू द्या तिला." पण सुमनला आणखी काही बोलायचं नव्हतं. ती खुर्च्यांच्या मधून वाट काढत मांडवाबाहेर गेली. गुरुजी ती दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभे होते. नंतर शाल, श्रीफळ, जेवणं सगळं झालं. पंगतीत लोक सुमनला बोल लावत होते. एवढ्या मोठ्या माणसाचा असा अपमान करायचा का, म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मुलाकडं पुण्याला जायला निघाले. त्यांनी कुणाला येऊ दिलं नव्हतं, तरी मी फाट्यावर गेले. त्यांचं सगळं सामान एका ट्रंकेत आणि एका पोत्यात मावलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, की सुमनचं बोलणं मनावर घेऊ नका. लेकरू गेलेली बाई आहे, दुःखात बोलून गेली.

गुरुजी माझ्याकडं वळले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले होते.

"ती दुःखात बोलली न्हाय. विचार करून बोलली," ते म्हणाले. "एवढ्या गावात तिनं एकटीनं माझं ऐकून घेतलं. तेवढं तरी काढून घेऊ नका माझ्याकडून."

बस आली. मी ट्रंक वर चढवली. ते खिडकीशी बसले आणि बस हलली तरी त्यांनी गावाकडं मान वळवली नाही.